शेफर्ड, स्लीव्ह आणि ‘सोड’: ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहून प्रोटेक्शन स्पोर्टची तयारी

मैदानाच्या टोकाला तंबूसारखा एक आडोसा उभा असतो. त्याला ब्लाइंड म्हणतात. आत हेल्पर, म्हणजे हातावर जाड स्लीव्ह चढवलेला माणूस, गप्प उभा असतो. कुत्रा सुसाट येतो, त्याच्यासमोर वीतभर अंतरावर थांबतो आणि छाती काढून लयीत भुंकत राहतो. चावत नाही. हेल्पर पळाला किंवा अंगावर आला तरच पकडायचं. स्थिर उभा असेल तर नुसतं भुंकून रोखून धरायचं, असा नियम आहे. उगाच स्लीव्हला तोंड लावलं की गुण कापले जातात. पहिल्यांदा बघायला आलेले लोक उडी मारून हात धरणाऱ्या कुत्र्याचा व्हिडिओ काढून घरी जातात. जाणकारांची नजर असते ती या भुंकण्यावर, आणि पकडल्यानंतर मालकाच्या एका शब्दावर तोंड उघडतं की नाही यावर.

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये किंवा खारघरच्या टू बीएचकेत राहून हा खेळ खेळता येतो. त्यासाठी साधारण दोन वर्षं रोजचे दीड-दोन तास द्यावे लागतात, आणि ‘अटॅक ट्रेनिंग’ या शब्दापासून चार हात लांब राहावं लागतं.

खेळ नेमका काय आहे

जर्मन शेफर्ड ही जात कागदावर आली १८९९ साली. माक्स फॉन श्टेफानित्स या निवृत्त घोडदळ अधिकाऱ्याने होरांड फॉन ग्राफराथ नावाच्या कुत्र्यापासून नोंदवही सुरू केली. पुढे १९०१ मध्ये शुट्झहुंडची, म्हणजे ‘संरक्षक कुत्र्या’ची, पहिली चाचणी झाली. उद्देश करमणूक हा नव्हता. दिसायला देखणा पण कामाला निकामी असा कुत्रा पैदाशीत येऊ नये, म्हणून ती गाळणी होती. तीच चाचणी पुढे आयपीओ झाली आणि २०१९ पासून तिला आयजीपी म्हणतात.

आयजीपीचे तीन भाग असतात: माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण. प्रत्येकाला १०० गुण असतात आणि प्रत्येकात किमान ७० लागतात. चावण्यात ९५ मिळवून मागात ६० पडले तर निकाल नापास. त्याआधी बीएच ही वागणुकीची चाचणी पास व्हावी लागते, तिला किमान वय १५ महिने. आयजीपी-१ साठी १८ महिने, २ साठी १९ आणि ३ साठी २०. मोंडिओरिंग आणि फ्रेंच रिंग हे याचेच भाऊबंद, पण त्यात हेल्पर अंगभर सूट घालतो. नवख्याने आयजीपीच्या वाटेने जावं. तिचे टप्पे स्पष्ट आहेत आणि मागकामामुळे कुत्र्याचं डोकं थंड राहतं.

मेंढ्यांचा आणि चावण्याचा संबंध

दिवाळीनंतर घाट उतरून कोकणपट्टीत येणारे धनगर आणि त्यांची मेंढरं पाहिली असतील, तर सोबतची कुत्रीही आठवतील. ती राखणदार असतात. रात्री वाड्याभोवती बसायचं आणि लांडगा आला की अंगावर जायचं, हे त्यांचं काम. मेंढ्या वळवायचं काम धनगर स्वतः करतो. जर्मन शेफर्डचं मूळ काम वेगळं. तिकडे बिनकुंपणाच्या पिकांमधून शेकडो मेंढ्यांचा कळप न्यायचा असे आणि कुत्रा शेताच्या कडेने दिवसभर दुडक्या चालीने येरझारा घालून चालतं-फिरतं कुंपण होई. एखादी मेंढी ऐकेनाशी झाली तर मानेवर, बरगड्यांवर किंवा मांडीवर एक घट्ट पकड, आणि लगेच सोडायचं. मांस फाडायचं नाही, दोनदा चावायचं नाही. जखमी मेंढी म्हणजे मालकाचं नुकसान. स्लीव्हवर आज जी भरगच्च, शांत पकड गुण मिळवते ती या मेंढपाळी पकडीचीच वारसदार. म्हणून या खेळात राखणदार जाती क्वचित दिसतात आणि कळप हाकणाऱ्या शेफर्ड जाती पुढे असतात.

कुठला शेफर्ड

जर्मन शेफर्ड नर ३० ते ४० किलो, खांद्यापाशी ६० ते ६५ सेंटीमीटर. मादी २२ ते ३२ किलो. आपल्याकडे दिसणारे बहुतेक शो लाईनचे, म्हणजे प्रदर्शनासाठी पैदास केलेले, तांबूस-काळे, मागे उतरती पाठ असलेले. वर्किंग लाईनचे, म्हणजे कामासाठी पैदास केलेले, रंगाने करडे-सेबल किंवा काळे, पाठ सरळ, बांधा आटोपशीर. शो लाईनचा कुत्रा बीएचपर्यंत मजेत जातो. पुढच्या टप्प्यांवर बरेचसे कमी पडतात, सगळे नाहीत.

बेल्जियन मॅलिनॉइस नर २५ ते ३० किलो. हलका, चपळ, आणि सतत काहीतरी हवं असलेला. आपल्या निमलष्करी दलांनी ही जात उचलल्यापासून तिची क्रेझ आली आहे. पहिलाच कुत्रा असेल तर मॅलिनॉइस घेऊ नका. दलातला कुत्रा ठरलेलं काम करून केनेलमध्ये झोपतो. तुमचा मात्र तुम्ही नऊ तास ऑफिसात असताना सोफ्याचा फोम काढत बसेल. डच शेफर्ड हा पट्टेरी कातडीचा त्याचा चुलतभाऊ. स्वभाव तसाच, आणि आपल्याकडे दुर्मिळ.

विक्रेते ‘सिंगल कोट’ आणि ‘डबल कोट’ असे दोन भाव सांगतात. ही बाजारभाषा आहे. प्रत्येक शुद्ध जर्मन शेफर्डला आतला मऊ आणि वरचा राठ असा दुहेरी कोट असतोच. लांब केसांच्या पिल्लाला ‘डबल’ म्हणून जास्त पैसे घेतले जातात, एवढाच त्याचा अर्थ. खेळाला लांब केसांचा फायदा शून्य, आणि जुलैत ते वाळता वाळत नाहीत.

पिल्लू बघायला गेल्यावर

आधी आईला बघा. तिला बाहेर आणायला सांगा. अनोळखी माणूस बघून ती मागे सरकत भुंकत असेल किंवा ‘ती चावते, आत बांधलीय’ असं उत्तर आलं, तर तिथून निघा. भित्रेपणा रक्तातून येतो आणि भित्र्या कुत्र्याला स्लीव्ह दाखवणं म्हणजे अपघात पोसणं. मग आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे मागा, वयाच्या १२ महिन्यांनंतर काढलेले. खुब्याच्या सांध्याचा दोष या जातीत वारंवार येतो आणि उड्या मारणाऱ्या कुत्र्याला तो लवकर जायबंदी करतो.

केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावरचा मायक्रोचिप क्रमांक रीडर लावून पिल्लाच्या अंगातल्या क्रमांकाशी ताडून पाहा. पंधरा आकडे, सगळे जुळले पाहिजेत. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे आणि ब्रीडरची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे असायला हवी. ‘पाच आठवड्यांचंच न्या, जीव लागतो’ असं सांगणारा ब्रीडर नियम मोडतोच, शिवाय पिल्लाचं नुकसानही करतो. भावंडांत खेळताना किती जोरात चावलं तर समोरचं ओरडतं, हे पिल्लू त्याच आठवड्यांत शिकत असतं.

पिल्लांसमोर जमिनीवरून एक फडकं ओढा. जे मागे धावतं, धरतं आणि ओढलं तरी सोडत नाही, ते तुमचं. मग स्टीलचं ताट थोड्या अंतरावर पाडा. दचकायला हरकत नाही, पण दहा-पंधरा सेकंदांत परत येऊन ताट हुंगलं पाहिजे.

पहिले सहा महिने

फ्लॅटमधली पहिली अडचण म्हणजे व्हिट्रिफाइड टाइल्स. त्यांवर घसरत वाढलेल्या पिल्लाचे पाय फाकतात. खेळायच्या जागेत रबरी मॅट किंवा सतरंजी टाका आणि टाइल्सवर चेंडू फेकू नका. उडीचे अडथळेही १५ ते १८ महिन्यांपर्यंत नकोत, कारण हाडांची टोकं तोवर पक्की झालेली नसतात.

लसी पूर्ण व्हायला सोळा आठवडे लागतात, आणि जग दाखवायची वेळ मात्र चौदाव्या आठवड्याच्या सुमारास सरते. मधला मार्ग असा: पिल्लाला कडेवर किंवा पिशवीत घेऊन बाहेर पडा, जमिनीवर ठेवू नका. पार्व्होचा विषाणू जमिनीतून येतो. ठाणे स्टेशनला सॅटीसखाली दहा मिनिटं उभं राहिलं की रिक्षा, हॉर्न, छत्र्या, फेरीवाले आणि गर्दी असा सगळा अभ्यासक्रम एकाच जागी होतो. लोकांनी हात लावलाच पाहिजे असं नाही. पिल्लाने बघावं, खाऊ खावा आणि कंटाळावं.

आयजीपीच्या आज्ञापालनात कुत्रा मोकळा चालत असताना बंदुकीचे बार काढले जातात. दचकून पळाला तर खेळ संपला. ठाण्यात आवाजाला तोटा नाही. दहीहंडीचे डीजे आणि गणपतीतले ढोल-ताशे दोन गल्ल्या लांबून ऐकवत जेवण द्या आणि रोज वीसेक पावलं जवळ सरका. शेपटी आत गेली किंवा खाणं थांबलं, की अंतर दुप्पट करा. ‘सवय होईल’ म्हणत पिल्लाला थेट पथकासमोर नेणाऱ्यांचे कुत्रे आयुष्यभर फटाक्यांना घाबरतात.

याच काळात पिंजऱ्यात शांत पडून राहायला शिकवा. आत उभं राहून वळता येईल एवढा पिंजरा पुरे. जाळीचं मुसकंही आत्ताच: त्याच्या आत दही चोपडायचं आणि कुत्र्याने स्वतःहून तोंड घालायचं. पाच सेकंदांपासून सुरू करून महिन्याभरात दहा मिनिटं. पुढे लिफ्टमध्ये, दवाखान्यात आणि सोसायटीच्या भांडणात हेच कामी येतं.

चिंधीपासून टगपर्यंत

आठव्या-नवव्या आठवड्यात जुन्या टॉवेलची हातभर पट्टी पुरते. ती सापासारखी जमिनीवरून पिल्लापासून *दूर* पळवायची. तोंडावर आपटायची नाही. शिकार कधी शिकाऱ्याच्या अंगावर येत नाही. पिल्लाने धरलं की आडवं, सावकाश ओढायचं. पुढचे पाय जमिनीवरच राहिले पाहिजेत. वर उचलून लोंबकळवलं की मान दुखते. तीन मिनिटं खेळ, मग पट्टी त्याच्या तोंडात सोडून द्या आणि पट्ट्याने धरून गोल चालवा. जिंकलेली वस्तू मिरवत चालणारं पिल्लू तोंड घट्ट ठेवतं.

पकड बघायला शिका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पुढच्या दातांनी कुरतडत असेल तर ओढू नका. टगवरचा, म्हणजे ओढाताणीच्या पट्टीवरचा, ताण किंचित सैल करा. पिल्लू संधी साधून तोंड पुढे सरकवेल. दाढांपर्यंत भरलं त्याच क्षणी टग ‘मेला’ आणि त्याचा झाला. अशा वेळी उलटं झटके देणारा माणूस कुत्र्याला भीतीपोटी पुन:पुन्हा पकडीची जागा बदलायला शिकवतो. ही चघळती पकड नंतर सुधारायला वर्ष जातं.

चार ते सहा महिन्यांत दात पडतात. त्या काळात ओढाताण बंद ठेवा, नुसता पाठलाग चालेल. हिरड्या दुखत असताना ओढलेला टग कुत्रा विसरत नाही. नवे सुळे पूर्ण आल्यावर गोणपाटाचा टग, साधारण ३० सेंटीमीटर लांब, दोन्ही टोकांना हँडल असलेला.

‘सोड’

मराठी घरात हा शब्द आधीच बाद झालेला असतो. ‘अरे सोड, सोड ना, सोड म्हणते ना!’ असं चप्पल ओढताना दिवसात वीस वेळा म्हटलं जातं आणि कुत्रा एकदाही सोडत नाही. ‘बस’चंही तेच. ‘बस झालं आता’, ‘बस कर’, ‘जरा बस की’, यातला बसायचा हुकूम कुठला, हे कुत्र्याने कसं ओळखावं? ‘चल’ तर दिवसभर हवेतच असतो. म्हणून बहुतेक जण ‘आउस’ (सोड), ‘सिट्झ’ (बस), ‘फूस’ (पायाशी चल) असे जर्मन शब्द घेतात. त्यात जादू नाही. घरात ते दुसरं कोणी उच्चारत नाही, हा खरा फायदा. मराठी शब्द ठेवायचा असेल तर ठेवा, पण घरातल्या सगळ्यांनी तो इतर वेळी वापरायचा नाही असं ठरवा. आजी-आजोबा असतील तर जर्मनच बरं.

शिकवायची पद्धत अशी. एकसारखे दोन टग घ्या. कुत्रा पहिल्यावर जोरात असताना तो दोन्ही हातांनी तुमच्या मांडीला घट्ट टेकवा आणि पुतळ्यासारखे थांबा. हात हलला की कुत्र्याला खेळ मिळतो आणि तो सोडत नाही. सगळ्यांची चूक इथेच होते: टग ‘थोडासाच’ हलतो. आता क्रम लक्षात ठेवा: आधी शब्द, साध्या आवाजात एकदाच, त्यानंतर टग मृत, त्यानंतर वाट बघणं. पहिल्या दिवशी ३० सेकंद लागतील, कधी मिनिटभर. पुन्हा शब्द नाही, ओरडणं नाही. जबडा उघडला त्या क्षणी ‘यस!’ आणि लगेच, अगदी लगेच, तोच टग किंवा दुसरा पुन्हा चावायला.

हे पुन्हा चावायला देणं म्हणजे या सगळ्याचं मर्म. सुरुवातीच्या महिन्यात दहा वेळा सोडलं तर नऊ वेळा खेळ परत मिळाला पाहिजे. सोडल्यावर टग कपाटात जात असेल तर कुत्रा हिशेब बरोबर करतो: सोडलं की नुकसान. मग तो सोडताना तोंड सरकवतो, गोल फिरतो, टग घेऊन सोफ्याखाली जातो. लोक त्याला हट्टी म्हणतात.

‘सोड’ म्हणत टग ओढणं ही दुसरी चूक. ओढलं की पकड घट्ट होते, हे तुम्हीच महिनाभर शिकवलेलं असतं. तिसरी, बोटं घालून जबडा उघडणं. त्यात बोटं जातात आणि कुत्र्याला तुमचा हात जवळ येणं नकोसं होतं. आणि चौथी, सगळ्यात महाग, ती म्हणजे घाईने काटेरी पट्टा चढवून झटका देणं. वेदना झाली की आवेशातला कुत्रा बऱ्याचदा आणखी जोरात धरतो, आणि पुढे मालक जवळ आला की त्याची पकड बिघडते. मैदानावर स्लीव्ह धरलेला कुत्रा मालकाकडे डोळे फिरवत चघळताना दिसला, तर मागे काय झालंय ते कळतं.

घरात दहापैकी दहा वेळा दोन सेकंदांत सुटू लागलं, की जागा बदला: गच्ची, पार्किंग, मैदान. प्रत्येक नव्या जागी पहिला दिवस घरच्या पहिल्या दिवसासारखाच. सोडल्यानंतर एक सेकंद टगकडे बघत स्थिर राहिला तरच पुन्हा चावा, मग तीन सेकंद, मग पाच. ब्लाइंडमधलं ते भुंकणं या स्थिर पाच सेकंदांतूनच तयार होतं.

माग

सुरुवातीचं ट्रॅकिंग पहाटे. दव असतं, वास जमिनीलगत राहतो आणि भटकी कुत्री अजून झोपेत असतात. उलवे, द्रोणागिरी, तळोजाकडचे मोकळे, गवताळ प्लॉट चालतात. राखणदाराला विचारून आणि आधी स्वतः पायी फिरून बाटल्यांच्या काचा बघून. पावसाळ्यानंतर कमरेएवढ्या गवतात जाऊ नका, घोणस दिसत नाही. येऊरला तर नकोच. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि कुत्रा हे बिबट्याचं आवडतं खाद्य. नवी मुंबईच्या खाडीकाठी फ्लेमिंगो उतरतात तिथल्या पाणथळीतही कुत्रा सोडू नका.

मीटरभर चौकोनात गवत तुडवून घ्या आणि त्यात हरभऱ्याएवढे उकडलेल्या कलेजीचे तुकडे टाका. तिथून सरळ पंधरा पावलं, टाच पुढच्या पायाच्या अंगठ्याला जवळजवळ टेकवत, प्रत्येक ठशात एक तुकडा. वारा पाठीमागून असावा, नाहीतर कुत्रा नाक वर करून समोरचा खाऊ हुंगेल. दहा मिनिटांनी १० मीटरच्या दोरीवर कुत्रा सोडा, पण पहिले काही आठवडे दोरी हातभरच धरा. घाई करणारा कुत्रा ठसे गाळतो; त्याला ओढून मागे आणू नका, फक्त पुढे जाऊ देऊ नका. ठसा हुंगला की दोरी सैल. पाचसहा आठवड्यांनी काही ठसे रिकामे ठेवा, मग वळणं. आयजीपी-१ ला मालकानेच टाकलेला ३०० पावलांचा, २० मिनिटं जुना माग असतो, दोन वळणं आणि दोन वस्तू. आयजीपी-३ ला ६०० पावलं, परक्याचा, तासभर जुना.

मे महिन्यात माती भाजून वास उडतो. त्या दिवसांत ट्रॅकिंगला सुट्टी द्या.

हेल्पर निवडणं

आदल्या आठवड्यात कुत्रा न नेता दोनदा जाऊन नुसतं बघा. चांगला हेल्पर कुत्रा येताना त्याच्या वेगासोबत वळतो आणि धक्का अंगावर घेऊन विरवतो. स्लीव्ह भिंतीसारखी धरून उभा राहणारा कुत्र्याची मान जाम करतो. त्यातून मणक्याला इजा होऊ शकते. पकड भरली की चांगला हेल्पर लगेच सैल होतो, कुत्रा गोंधळला की दबाव कमी करतो, आणि मालकाशी सतत बोलत असतो.

झाडाला बांधलेल्या सहा महिन्यांच्या पिल्लाला कोणी काठीने डिवचत असेल, तर परत फिरा. ‘चार महिन्यांत गार्ड डॉग’, ‘हॉस्टेलला ठेवा, तयार करून देतो’, ‘वॉचमनवर सोडून बघू’, यापैकी एक वाक्य पुरेसं आहे. असा कुत्रा भीतीतून चावतो, आणि भीतीतून चावणारा कुत्रा सोसायटीच्या जिन्यात कुरियरवाल्यालाही चावतो. शिवाय घराच्या राखणीसाठी हा खेळ शिकवायचाच नसतो. खेळाडू कुत्र्याची नजर स्लीव्हवर असते, आणि चोर काही स्लीव्ह घालून येत नाही.

पहिल्या सत्रांत छातीला रुंद हार्नेस लावून कुत्रा खांबाला बांधतात. मधे बंजीचा, म्हणजे ताणणाऱ्या दोरीचा, तुकडा असावा म्हणजे झटका बसत नाही. पाच मिनिटांचं काम, पंधरा मिनिटांची विश्रांती, पुन्हा पाच. कुत्रा अजून तापलेला असतानाच थांबा. बॉक्स क्रिकेटचे टर्फ जागोजागी आहेत म्हणून मोह होतो, पण नकली गवत उन्हात तापतं आणि बहुतेक मालक कुत्रा आत घेऊ देत नाहीत. सपाट माती किंवा खरं गवतच बघा.

ऊन, पाऊस

काम सकाळी सातच्या आत किंवा रात्री आठनंतर. तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याचे पायही टेकवू नका. दमट हवेत धापा टाकून अंग थंड होत नाही. एप्रिल-मेपेक्षा ऑक्टोबर हीटमध्ये लोक फसतात. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबणं, हिरड्या गडद लाल, पाय लटपटणं दिसलं की नळाचं पाणी पोट-मांड्यांवर ओता, पंखा लावा आणि दवाखाना गाठा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश असतं. ४१ च्या पुढे जिवावर बेततं.

जेवण कामाआधी दोन तास आणि नंतर तासभर नाही. पोट टम्म, ओकारीचा प्रयत्न पण बाहेर काही नाही, असं दिसलं तर पोटाला पीळ बसलेला असू शकतो. सकाळची वाट बघू नका.

पावसात साचलेल्या पाण्यातून लेप्टो येतो, लस वेळेवर द्या. गोचीड ताप इथे बारमाही आहे: कुत्रा अचानक टगमध्ये रस घेईनासा झाला तर स्वभावाला दोष देण्याआधी रक्त तपासा. गोणपाटाचे टग आणि स्लीव्हचं कव्हर जुलैत दोन दिवसांत बुरशी धरतं. प्रत्येक वापरानंतर पंख्याखाली पसरा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका.

सोसायटी, कायदा आणि बीएच

महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचा दाखला हाताशी ठेवा. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. तरी त्या जोरावर लिफ्टमध्ये अरेरावी करू नका. केंद्राने मार्च २०२४ मध्ये ‘हिंस्र’ म्हणून काढलेल्या जातींच्या यादीत कॉकेशियन आणि सेंट्रल एशियन शेफर्ड होते, जर्मन शेफर्ड आणि मॅलिनॉइस नव्हते. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक पुढच्याच महिन्यात रद्दही केलं. यादीत असो-नसो, भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सगळ्यांना लागू आहे: जनावर सांभाळण्यात निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

बीएचच्या दुसऱ्या भागात मैदान नसतंच. रस्त्यावर पट्ट्याने चालताना गर्दीतून जायचं, बाजूने सायकल, जॉगर, गाडी, दुसरा कुत्रा. आणि शेवटी कुत्रा एकटा बांधून मालकाने नजरेआड व्हायचं. याची तालीम तलावपाळीला रविवारी संध्याकाळी किंवा पाम बीचच्या फुटपाथवर पहाटे होते. आधी ओळखीच्या माणसाला दहा पावलांवर उभं करा, मग पन्नासवर, मग दुकानाच्या आत. कुत्रा उभा राहिला, बसला, आडवा झाला तरी चालेल. बाजूने भेळवाल्याची गाडी खडखडत गेली आणि त्याने फक्त मान वळवून पाहिलं, तर अर्ज भरा.